नाणे की बिल्ला? चित्रपटांतील पात्रांच्या महागड्या चांदीच्या नाण्यांविषयी सल्ला हवा

रामबागकरीण

नमस्कार मंडळी. मी इंदूरच्या रामबागेत राहते. नाण्यांचा छंद मला स्वतःला नाही. तो आमच्या घरी सासऱ्यांना आहे आणि आता, त्यांच्या मते अगदी भलत्याच वाटेने, माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला लागला आहे.

सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्याजवळ होळकरशाहीची चाळीसेक नाणी आहेत. त्यांत मल्हारनगर टांकसाळीचे बिल्वपत्र आणि शिवलिंग असलेले रुपये आहेत, बसलेल्या नंदीचे तांब्याचे पाव आणे आहेत आणि 1935 सालचे, यशवंतराव महाराजांचा चेहरा असलेले एक नाणे आहे. यांतली निम्मी नाणी त्यांनी नोकरीत असताना, जुनी भांडी आणि मोड घेणाऱ्या दुकानदारांकडून जवळजवळ वजनाच्या भावात घेतली होती, आणि हे ते वर्षातून दोनदा तरी सांगतात.

मुलाने मुंजीत आलेल्या आणि पुढे वाढदिवसांना साठवलेल्या पैशांतून गेल्या वर्षी परदेशातून एक नाणे मागवले. त्यावर 'स्टार वॉर्स'मधील काळ्या शिरस्त्राणाचा डार्थ वेडर आहे. 'त्यावर' म्हणणेही चूक आहे, कारण नाणे गोल नाहीच. भलेमोठे डोके आणि इवलेसे अंग अशा त्या पात्राच्या आकारातच ते कापलेले आहे. पाठीमागे राणी एलिझाबेथचा छोटा चेहरा, नियुए या देशाचे नाव, 2 डॉलर हे मूल्य आणि एक औंस 999 (म्हणजे 99.9 टक्के शुद्ध) चांदी असा मजकूर आहे. घरपोच खर्चासह ते बारा हजारांच्या घरात गेले, आणि कुरिअरवाल्याने सीमाशुल्काचे म्हणून दारात आणखी पैसे घेतले ते वेगळेच.

अण्णांनी भिंग लावून ते दोन्ही बाजूंनी पाहिले, तळहातावर तोलून पाहिले आणि म्हणाले, "चांदी चोख आहे, पण हे नाणे नव्हे, हा बिल्ला आहे." मुलगा दुखावला. त्याचे म्हणणे असे, की देशाचे नाव आहे, राणी आहे, मूल्य आहे, आणि सबंध जगासाठी केवळ 2,000 नग काढले आहेत, तेव्हा हे नाणे अण्णांच्या पाव आण्यापेक्षा दुर्मिळच म्हटले पाहिजे. आता त्याला याच मालिकेतले दुसरे हवे आहे, आणि त्याची किंमत पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

मला त्याचा छंद मोडायचा नाही. पण हे कायद्याने नाणे आहे की नाही, यात घातलेले पैसे राहतात की जातात, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात ते ठेवायचे कसे, हे जाणकारांकडून ऐकावे असे वाटते. अण्णांचे मत आणि मुलाचे मत यांच्यामध्ये मी रोज जेवताना बसलेली असते.

---

टंच

ताई, मी आपल्याच गावचा, आणि नाणी जमवायला लागून मला तीस वर्षे झाली. आपल्या सासऱ्यांशी मी निम्मा सहमत आहे. उरलेला निम्मा कुठे अडतो ते सांगतो.

कायद्याने ते नाणेच आहे. नियुए हे दक्षिण प्रशांत महासागरातील एक बेट असून न्यूझीलंडशी जोडलेला तो स्वशासित देश आहे. तेथे दोन हजारांहूनही कमी लोक राहतात आणि रोजच्या व्यवहारात न्यूझीलंडचाच डॉलर चालतो. त्या देशाच्या नावाने ही नाणी पाडते ती ऑकलंडची न्यूझीलंड मिंट. नावावरून ती सरकारी टांकसाळ वाटते, परंतु ती खासगी कंपनी आहे. 'स्टार वॉर्स'ची पहिली नाणी तिने नियुएच्या नावाने 2011 मध्ये काढली. त्याच महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशाच्या नावाने असेच काम ऑस्ट्रेलियातील पर्थ मिंट करते. ती मात्र पश्चिम ऑस्ट्रेलिया सरकारच्या मालकीची आहे आणि 1899 पासून चालू आहे. 2017 पासून तिने मार्व्हलच्या पात्रांची एक औंसाची, 1 डॉलर मूल्याची नाणी काढली आणि त्यांत पहिला मान स्पायडर-मॅनला मिळाला. थोडक्यात, नाव बेटाचे, ठसा टांकसाळीचा आणि चेहरा चित्रपट कंपनीचा, असा हा तिघांचा संसार आहे, आणि तिघांचाही वाटा शेवटी तुमच्या चिरंजीवांच्या मुंजीच्या पैशांतून जातो.

किंमत कशाची मोजली ते पाहू. एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, आपल्या भाषेत पावणेतीन तोळ्यांना जरा कमी. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून हिशेबापुरता किलोला 1,00,000 रुपये हा गोल आकडा धरतो. तुम्ही त्या जागी आजचा भाव घाला. त्या दराने नाण्यातली चांदी 3,110 रुपयांची होते. दर्शनी मूल्य दोन डॉलर, म्हणजे शंभरएक रुपये. बारा हजारांतून चांदी वजा केली, की जवळजवळ नऊ हजार उरतात, आणि ते ठसा, रंग, डबी, प्रमाणपत्र, पात्राच्या हक्कांचे शुल्क, विक्रेत्याचा नफा आणि विमानाचे भाडे यांत विरघळलेले असतात. हे नऊ हजार बुडाले असे मी म्हणत नाही. ते परत येण्यासाठी तुम्हाला त्याच पात्रावर तितकेच प्रेम करणारा दुसरा माणूस शोधावा लागतो, एवढेच. चांदीला मात्र गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

आता अण्णांच्या 'बिल्ला' या शब्दाविषयी. जे नाणे बाजारात फिरण्यासाठी पाडलेलेच नाही ते नाणे नव्हे, अशी त्यांची कसोटी असेल तर ती मला मान्य आहे, परंतु मग ती सर्वांना सारखी लावावी लागेल. आपल्या सरकारने 2023 मध्ये नव्या संसद भवनाचे 75 रुपयांचे नाणे काढले. ते 35 ग्रॅम वजनाचे, 44 मिलिमीटर व्यासाचे आणि निम्म्या चांदीचे आहे. त्या नाण्याने मल्हारगंजात कोणी भाजी घेतल्याचे ऐकले आहे का? अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त 31 मे 2025 रोजी भोपाळमध्ये 300 रुपयांचे नाणे प्रकाशित झाले, तेही असेच. ही नाणी सरकार दर्शनी मूल्यापेक्षा कितीतरी अधिक किमतीला विकते आणि ती थेट संग्राहकाच्या कपाटात जातात. अहिल्यादेवींच्या नाण्याला बिल्ला म्हणायला इंदुरात कोणाची जीभ रेटणार नाही, माझीही नाही. पण मग फरक कायद्याचा किंवा चलनाचा राहत नाही, आदराचा राहतो, आणि सोळा वर्षांच्या मुलाचा आदर कुठे बसावा हे आपण ठरवू शकत नाही.

दुर्मिळतेच्या बाबतीत मात्र चिरंजीव फसले आहेत. 2,000 हा आकडा त्या एका नमुन्याचा आहे. त्याच साच्याची, त्याच मोठ्या डोक्याची भावंडे किती निघाली ते त्याला मोजायला सांगा: एकाच चित्रपटाचे अनेक जण, मग दुसऱ्या चित्रपटाचे, मग चित्रकथांचे. नमुना दुर्मिळ आणि मालिका मुबलक, असा हा प्रकार आहे. अण्णांचा पाव आणा कदाचित लाखोंनी पाडला गेला असेल. त्यातला बराचसा वितळला, हरवला, झिजला, आणि जो उरला तो कोणी ठरवून उरवलेला नाही. तुमच्या मुलाच्या नाण्याचे दोन हजारच्या दोन हजार नग आजही डब्यांत सुरक्षित असतील आणि पन्नास वर्षांनीही असतील.

माझी एक सूचना आहे. एखाद्या दिवशी दुपारी, खाऊच्या गाड्या लागण्यापूर्वी, त्याला घेऊन सराफ्यात जा. विकायला नव्हे, फक्त भाव विचारायला.

---

बडोदेकर मधला भाऊ

टंच यांनी हिशेब सांगितला, मी हिशेब चुकल्याचा अनुभव सांगतो.

महासाथीच्या दोन वर्षांत या मोठ्या डोक्याच्या नाण्यांना, ज्यांना 'चिबी' म्हणतात, परदेशात वेड लागल्यासारखी मागणी आली होती. घरात बसलेले लोक, हातात फोन आणि रोज वाढणारा आकडा. मीही त्या काळात एक नाणे मूळ किमतीच्या तिप्पट देऊन घेतले, आणि पुढच्या महिन्यात ते चौपट झाल्यावर बडोद्यातील आमच्या कट्ट्यावर मित्रांना चहा पाजला. विकले नाही. आणखी चढेल असे वाटले. पुढे लाट ओसरली आणि आज तेच नाणे मी दिले त्याहून बऱ्याच कमी किमतीत लिलावाच्या संकेतस्थळांवर पडून असते. त्यातही ग्राहक तिकडे आणि नाणे माझ्या कपाटात. विम्यासह परदेशी पाठवायचे म्हटले तर हाती काय उरते याचा हिशेब मी एकदाच केला आणि कागद फाडून टाकला.

पण खरा किस्सा पुढेच आहे. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आईने देवघरातली सगळी चांदी घासायला काढली. निरांजन, अत्तरदाणी, आजोबांच्या वेळचे सयाजीराव महाराजांचे दोन रुपये. माझे नाणे कपाटातून काढून तिनेच ताटात ठेवले, कारण चांदीचे नाणे लक्ष्मीसमोर नको तर कुठे हवे? डबी उघडायला जरा घट्ट होती म्हणून तिने सुरीच्या टोकाने उघडली. मग रांगोळीची चिमूट घेऊन अंगठ्याने गोल गोल. मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा त्या पात्राच्या हातातील तांबड्या तलवारीचा निम्मा रंग रांगोळीत उतरला होता, आणि आरशासारख्या पृष्ठभागावर अंगठ्याच्या आकाराची वर्तुळे उमटली होती. आई समाधानाने म्हणाली, "बघ कसं लखलखतंय."

तिला काही बोललो नाही. सणाचा दिवस होता. संध्याकाळी त्यावर हळदकुंकूही वाहिले. सयाजीराव महाराजांच्या रुपयाला मात्र काही झाले नाही. त्याच्या पाठीवरची कट्यार गेली शंभर वर्षे रांगोळी खाते आहे आणि अजून स्पष्ट दिसते. (हेही करू नये हे मला आता ठाऊक आहे, जाणकारांनी रागावू नये.)

तेव्हा ताई, पहिली गोष्ट ही, की घरातील सर्व स्त्रीपुरुषांना, विशेषतः दिवाळीपूर्वी, ही चांदी घासायची नाही असे स्पष्ट सांगून ठेवा.

---

सायली_विजयनगर

मी इंदूरचीच, वय सत्तावीस, आणि माझ्या संग्रहात तुवालूची नऊ, नियुएची चार आणि ब्रिटनची काही नाणी आहेत. येथे सगळेच ज्येष्ठ बोलत आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते.

पहिले म्हणजे, हे केवळ चिमुकल्या बेटांचे उद्योग आहेत असे समजू नये. ब्रिटनच्या रॉयल मिंटने 2022 पासून हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाच्या पंचविशीनिमित्त 50 पेन्सची चार नाणी काढली. मालिका बाजारात येण्याच्या सुमारासच राणीचे निधन झाले, त्यामुळे पहिल्या दोन नाण्यांवर एलिझाबेथ आणि नंतरच्या दोहोंवर राजे चार्ल्स आले. एका बालकादंबरीच्या नाण्यांच्या संचात राज्य बदलल्याची नोंद झाली, ही गोष्ट मला कोणत्याही इतिहासकालीन नाण्याइतकीच रोचक वाटते. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने 2025 मध्ये सुपरमॅनचे सोन्याचे नाणे काढले. आणि आपल्याकडे? 28 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींनी एन. टी. रामाराव यांच्या जन्मशताब्दीचे 100 रुपयांचे नाणे प्रकाशित केले. ते आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री होते हे खरे, पण त्यांना घराघरांत नेले ते पडद्यावरच्या कृष्णाने. लोकांच्या मनातले चेहरे नाण्यावर येणारच. एके काळी ते चेहरे राजांचे होते, आणि राजेही ते नाण्यावर काही केवळ आर्थिक सोयीसाठी घालत नव्हते.

दुसरे, पैशांच्या बाबतीत टंच काकांचे म्हणणे मी पूर्ण मान्य करते, आणि त्यात भर घालते. ब्रिटनमध्ये 2009 साली क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानाचे 50 पेन्सचे साधे नाणे चलनात आले. फक्त 2,10,000 नग होते, पण ते तेव्हा कोणी फारसे लक्षात घेतले नाही. लोकांनी ते सुट्या पैशांसारखे खर्चून टाकले. नंतर आकडा कळला आणि आज चांगल्या स्थितीतल्या त्या नाण्याला शंभर पौंडांहून अधिक मोजणारे लोक आहेत. चांदी त्यात औषधालाही नाही. म्हणजे ज्याला कोणी जपले नाही ते महाग झाले, आणि ज्याला पहिल्या दिवसापासून मखमलीत ठेवले त्याचे गिऱ्हाईक घटत गेले. म्हणून मी माझी नाणी विकण्याच्या हिशेबाने घेतच नाही. माझ्या मैत्रिणी एका लग्नाला जेवढ्याचा लेहंगा घेतात आणि पुन्हा घालत नाहीत, तेवढ्यात माझी तीन नाणी येतात, आणि ती मी दर रविवारी काढून पाहते. त्या खर्चाला कोणी 'गुंतवणूक म्हणून कशी आहे' असे विचारत नाही.

आता ठेवण्याविषयी, कारण ताईंनी विचारले आहे आणि वरच्या रांगोळीच्या प्रसंगाने माझ्या अंगावर काटा आला आहे.

मूळ पारदर्शक डबी शक्यतो उघडूच नका. गोल नाणे कडेला धरून हाताळता येते, पण तुमच्या नाण्याला सलग कडाच नाही. शिरस्त्राण, झगा, बूट यांचे बाक आणि कोपरे आहेत, त्यामुळे बोट कुठेतरी पृष्ठभागाला लागतेच, आणि घामाचा ठसा काही महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतो. बाजारात मिळणाऱ्या मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणे कधीही ठेवू नका. ते प्लास्टिक पीव्हीसीचे असते, कालांतराने त्यातून चिकट हिरवट थर सुटतो आणि तो चांदीला खातो. रबर आणि लोकर यांपासूनही दूर ठेवा, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. एवढे करूनही कधी कधी पांढरे दुधाळ ठिपके उठतात. ते टांकसाळीतच धुण्या-तापवण्याच्या वेळी राहिलेल्या अंशामुळे येतात, असे मानले जाते. त्यात तुमचा दोष नसतो आणि घरच्या उपायांनी ते जात नाहीत. रंगीत नाणे तर कोणत्याही द्रावणात बुडवायचेच नाही.

चिरंजीव पुढे 'ग्रेडिंग'चे नाव काढतील, म्हणून आधीच सांगते. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन अमेरिकी कंपन्या 1980 च्या दशकापासून नाणी तपासून, 70 पर्यंतच्या मापाने गुण देऊन, सीलबंद डबीत घालून देतात. तिला आम्ही स्लॅब म्हणतो. शंभर वर्षे हाताळलेल्या नाण्याच्या बाबतीत ही पद्धत फार उपयोगी आहे. पण काल टांकसाळीतून निघालेल्या नाण्याला 69 किंवा 70 मिळणे ही काही विशेष गोष्ट नव्हे, आणि त्या एका गुणाचा फरक भिंगाखालीही शोधावा लागतो. किंमत मात्र त्या एका गुणासाठी कितीतरी वाढवून लावतात. त्या नादी लागू नये.

---

टंच

सायलीताई, लेहंग्याचा मुद्दा बिनतोड आहे. माझ्या घरी मी तो वापरणार नाही, हे मात्र नक्की.

एकच गोष्ट जोडतो, कारण ती अण्णांच्या संग्रहाला लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी आपल्याकडे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि ती देशाबाहेर विकता किंवा पाठवता येत नाहीत. त्यामुळे मल्हारनगरच्या रुपयाचे गिऱ्हाईक इथेच, इंदूर, पुणे, मुंबईच्या नाणी-प्रदर्शनांत शोधावे लागते. डार्थ वेडरचे नेमके उलट आहे. तो पाठवायला मोकळा आहे, पण त्याचे गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे आहे. आजोबा आणि नातू दोघांचीही नाणी चटकन विकली जाणारी नाहीत, आणि या बाबतीत तरी त्यांचे एकमत व्हायला हरकत नाही.

---

रामबागकरीण

सर्वांचे मनापासून आभार. टंच यांचा सल्ला मानून शनिवारी दुपारी आम्ही मायलेक सराफ्यात गेलो. आम्ही येतो म्हटल्यावर अण्णाही काठी घेऊन निघाले, त्यामुळे तिघे गेलो.

दुकानदाराने आधी नाणे उलटसुलट करून पाहिले आणि मुलाला विचारले, "ये कौन है, कोई देवता है?" मुलाने मान खाली घातली. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "नहीं, असुर है." मग त्याने डबी उघडायला सांगितली. मुलाने स्वतःच्या रुमालात धरून नाणे टंच, म्हणजे शुद्धता, काढायच्या यंत्रावर ठेवले, आणि पडद्यावर 99.9 आल्यावर त्याचा चेहरा जरा उजळला. दुकानदाराने वजन केले, कॅल्क्युलेटर दाबला आणि त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने आकडा सांगितला. त्यातही तांबड्या रंगावर नख ठेवून म्हणाला, की हा रंग गाळताना जळेल, त्याची घट आम्ही धरतो. नाणे म्हणून काही अधिक द्याल का, असे मी विचारले. त्याने हसून समोरच्या काचेखाली ठेवलेल्या लक्ष्मी-गणपतीच्या नाण्यांकडे बोट केले. दिवाळीला माझी ही नाणी विकली जातात, म्हणाला, याला इथे कोण ओळखेल?

मुलगा परतताना गप्प होता. राजवाड्यापाशी आल्यावर त्याने विचारले, की दुसरे नाणे घेण्याऐवजी त्या पैशांत अण्णांना हवा असलेला एक नंदीचा अर्धा आणा येईल का. मी काही म्हणण्यापूर्वीच अण्णा म्हणाले, "माझ्यासाठी घेऊ नकोस. तुला तोच असुर आवडतो तर तोच घे, पण पुढच्या वर्षी घे. वर्षभरात तो स्वस्त होतो की महाग, ते वहीत लिहीत जा." तसे ठरले आहे. त्याने वही केली असून पहिल्या पानावर सराफ्यातला आकडा लिहिला आहे.

रात्री जेवणानंतर अण्णांनी आपला डबा काढला आणि मल्हारनगरचा एक रुपया नातवाच्या नाण्याशेजारी ठेवला. त्यावरचे फारसी त्यांनी वाचून दाखवले. नाव शाह आलम बादशहाचे आहे. मुलाने विचारले, की शाह आलम इंदूरचा राजा होता का? अण्णा म्हणाले, नाही, तो दिल्लीत होता आणि इंदुरात त्याचे काहीच चालत नव्हते. राज्य होळकरांचे, शिवलिंग आणि बेलाचे पान होळकरांचे, नाव तेवढे त्याचे. मग त्यांनी भिंग उचलून वेडरच्या पाठीवरचा राणीचा चेहरा पुन्हा एकदा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि विचारले, "ही बाई त्या बेटावर राहत होती का रे?"

"नाही अण्णा, लंडनला."

"हं," ते म्हणाले आणि भिंग खाली ठेवले.

सायलीताई, एक विचारायचे राहिले. तुम्ही सांगितलेल्या पारदर्शक डब्या लहान मापातही मिळतात का? अण्णांचा रुपया जाड आहे, पण फार तर वीस-बावीस मिलिमीटरचा असेल. आतापर्यंत तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला होता.